हाळीला सबब पायजे

अक्का घरात बोलायला लागली की समोरच्याला कान पुढं करावा लागे. चुलीपुढं बसून ती "मीठ कमी झालंय व्हय?" असं विचारी, तेव्हा मी दर वेळी "आं?" म्हणायची, आणि ती दर वेळी तितक्याच हळू तेच पुन्हा विचारी. नवख्या माणसाला वाटलं असतं, या बाईला आवाज चढवणं ठाऊकच नाही. आणि हीच अक्का कड्यावरच्या शिळेवर उभी राहून डावा हात कानामागं धरी आणि हाळी देई, तेव्हा दरीपलीकडं, कोसभर खाली असलेल्या गावातली माणसं हातातलं काम थांबवून मान वर करीत. सगळा मुलूख तिला हाळीअक्का म्हणे. तिचं खरं नाव मी तिच्या घरात चार वर्षं राहून एकदाही कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

"एवढा मोठा गळा आहे तुमचा, मग घरात का हो असं कुजबुजता?" मी एकदा थट्टेनं विचारलं होतं.

"घरात कुणाला हाळी देऊ, बाई? भिताडाला?" ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. मी तेव्हा हसले. आता भिंतीशी बोलायची वेळ माझ्यावर आली आहे, आणि आता ते बोलणं तितकंसं हसण्यासारखं वाटत नाही.

माथेवाडी म्हणजे भूमच्या बाजूला बालाघाटाच्या पठारावर, अगदी कड्याला चिकटून बसलेली चाळीसेक उंबऱ्यांची वस्ती. एस.टी. यायची ती खालच्या गावापर्यंत. तिथून पुढं मुरमाची पायवाट, तरवडाच्या झुडपांना धरत धरत वर चढायचं. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, आम्ही सगळे महाराष्ट्रात आलो होतो, जिल्हा परिषदाही नव्यानं झाल्या होत्या. पण त्यातलं काहीच घाट चढून वर पोचलं नव्हतं. दुकान नाही, गिरणी नाही, दवाखाना नाही. पाणी झऱ्याचं, तेही उन्हाळ्यात वाटी वाटीनं भरायचं. जिल्हा परिषदेनं फक्त एक शाळा वर चढवली आणि तिच्यामागून मला.

मी तुळजापूरची. देवीच्या दारात आमचं घर, म्हणजे पहाटेपासून चौघडा, भक्तांची रांग, नारळ फुटायचे आवाज, आणि घरात दोन काकू एकमेकींवर रुसलेल्या. शांतता म्हणजे काय ते मला माथेवाडीत कळलं आणि पहिल्याच आठवड्यात नकोसं झालं. रविवार तर खायला उठे. दसरा झाला की वाडीतली धडधाकट माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला उतरत ती उन्हाळा लागल्यावरच परत येत. मधल्या दिवसांत वर उरायची म्हातारी माणसं, शेरडं आणि मी. कुलपं घातलेल्या घरांवरून वारा फिरे, आणि पत्रा कुठं वाजला तरी बरं वाटे. अक्का म्हणायची, "माणसं कमी झाली की हाळी लांब जाती, बाई. मधी अडवायला कुणी नसतंय."

पहिल्या दिवशी मी घाट चढत होते तेव्हाच तिची ओळख झाली, म्हणजे तिच्या आवाजाची. खालच्या कोतवालानं वर ओरडून कळवलं होतं की शाळेची बाई निघाली आहे. अर्ध्या वाटेवर मी धापा टाकत उभी होते, तोच वरून आभाळातून यावा तसा आवाज आला: "बाईऽऽ, वहाणा हातात घ्याऽऽ, मुरूम निसरतोयऽऽ!" मी घाबरून वहाणा काढल्या. वर पोचले तर कड्यावर एक वाळकी, बुटकी बाई उभी, कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला. मी आवाजाच्या धन्याला शोधत तिच्या मागं बघत होते. ती काहीतरी पुटपुटली. मी "आं?" म्हटलं. ती म्हणत होती, "पाणी पिता व्हय?" त्याच संध्याकाळी तिच्या घराची पडवी मला राहायला मिळाली.

हाळी देणं हे आधी तिच्या नवऱ्याचं काम. खाली कोणाकडं पाहुणे निघाले, कोणाचा बैल चुकून पठारावर आला, सुईण हवी, एस.टी. थांबवून धरा, सगळं कड्यावरून ओरडून कळवायचं, आणि खालून आलेलं ऐकून घरोघर पोचवायचं. त्याबद्दल सुगीत प्रत्येक घरातून थोडी ज्वारी मिळे. नवरा गेला आणि वाडी मुकी झाली. गड्यांनी करून पाहिलं. एकाचा आवाज दरीच्या निम्म्यात बुडे, दुसऱ्याचं बोलणं खाली कुणाला उमगेना. अशात एक बाळंतीण अडली. सुईण खालच्या गावात. तेव्हा अक्का, नवऱ्याचं सुतक अजून फिटलेलं नाही अशा अवस्थेत, घरातून बाहेर आली आणि तिनं हाळी दिली. सुईण वेळेवर पोचली. बाईमाणसानं कड्यावर उभं राहून ओरडायचं म्हणजे काय, अशी कुजबुज झाली, पण गरज पडली की वाडीला फिरून अक्काच आठवे. मग कुजबुजही थांबली.

हाळीचे कायदे होते, आणि अक्का ते कचेरीतल्या पेशकारासारखी पाळी. पहिला कायदा: हाळीला सबब पायजे. कारणाला तिकडं सबब म्हणत, निजामाच्या कचेरीतून खाली पाझरलेला तो शब्द. ज्या घराला हाळी द्यायची त्याचं नाव घ्यायचं आणि लगेच सबब सांगायची. "सबब आली की खालच्यानं समजावं, जीव जाग्यावर हाय," ती मला समजावून सांगे. "नुसतंच नाव आलं आन म्होरं काय न्हाय आलं, की पागोटं गुंडाळून निघावं."

म्हणजे मरण ओरडून सांगायचं नाही. "मरण कुटं वरडून सांगत्यात व्हय? ज्याचं त्यानं वाटंत वळखावं." नुसतं नाव ऐकून माणसं घाट चढायला लागत, आणि वर पोचेपर्यंत कोण गेलं असेल याचा अंदाज त्यांचा त्यांनीच केलेला असे. वाटेत वरचं कुणी भेटलं तरी त्यानं खरं सांगायचं नाही, "जरा बरं नाही" एवढंच म्हणायचं, हीही रीतच.

दुसरा कायदा: बाईचं नाव दरीवरून घ्यायचं नाही. दरी नाव धरून ठेवते म्हणे. त्यामुळं अक्काची पंचाईत झाली होती, कारण तिची एकुलती एक लेक शेवंता खालच्याच गावात दिलेली. मग अक्कानं तोड काढली. शेवंताच्या लग्नात तिनं आंदण म्हणून एक पांढरी गाय दिली होती, चांदी. अक्का रोज दिवस कलला की शिळेवर जाऊन त्या गाईला हाळी द्यायची: "चांदेऽऽ!" आणि पुढं सबब. सबब नसली तर नुसती हाळी म्हणजे मरण, त्यामुळं सबब रोज लागे. "चांदेऽऽ, कोंबडी खुडूक बसलीऽऽ." "चांदेऽऽ, हुलगं निवडून झालंऽऽ." चांदी मधेच म्हातारी होऊन मेली, तरी तिला हुलग्याची आणि कोंबडीची खबर पुढंही रोज पोचत राहिली.

शेवंता तिकडून ओरडू शकत नव्हती. ती सून. सुनेनं आवाज चढवला तर घराची अब्रू जाते. ती परड्यात जाऊन परातीवर उलथनं आपटी, दोनदा. संध्याकाळच्या हवेत तो आवाज बारीक होऊन वर येई. तो आला की अक्का शिळेवरून उतरे आणि चूल पेटवी. परात वाजायच्या आधी ती कधीच उतरली नाही. परातीला सासरची बंदी नव्हती, कारण परात काय, कुणाच्याही हातून पडते.

पण शेवंता माहेरी येत नव्हती. मी गेले त्याच्या आधी कित्येक पंचम्या ती आली नव्हती. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे अक्काच्या व्याह्यांनी, साफ सांगितलं होतं, की कड्यावर उभं राहून मुलखाला ओरडणाऱ्या बाईच्या घरी आमची सून यायची नाही. हाळी बंद करा, पंचमीला लेक धाडतो. मानी माणूस. त्यांचाच बैल एकदा पठारावर हरवला तेव्हा अक्काच्या हाळीनंच तो सापडला होता, पण ते बैलाचं झालं. वर यायची वाट सगळी डोळ्यांदेखत. आभाळ मोकळं असलं की अक्का कड्यावरून मला बोट करून दाखवी: "त्यो तांबडा ठिपका दिसतोय का? लुगडं हाय शेवंताचं." मला कधी दिसला, कधी नाही. मी दर वेळी हो म्हणायची.

वाडीतल्या जाणत्यांनी तिला सांगून पाहिलं होतं, "अक्का, सोड तू हाळी, आमी बघून घेऊ कसं तरी." तिनं सोडली नाही. मला वाटे, हट्ट आहे. पंचमीच्या दिवशी आसपासच्या घरांतल्या लेकी झोके घेत होत्या आणि ही पडवीत बसून वाती वळत होती, तेव्हा न राहवून मी विचारलंच.

"सोडली तर शेवंता वर्साला एकदा यील," ती त्याच हळू आवाजात म्हणाली. "चार दिस ऱ्हाईल, जाईल. आन बाकीचं वरीस तिनं काय ऐकावं? माय हाय का मेली, कसं कळावं तिला?"

मी तिच्याशेजारी बसले आणि वाती वळू लागले.

त्या रोजच्या सबबीनं मात्र आम्हा दोघींना बेजार केलं होतं. माथेवाडीत घडणार काय? कोंबडी रोज खुडूक बसत नाही. दिवस उतरायला लागला की अक्काच्या चेहऱ्यावर काळजी दिसे. "बाई, आज काईच झालं न्हाय वो. काय सांगू?" मग आम्ही दोघी बसून दिवस चाळायचो. शेवटी माझ्यावर येई. "चांदेऽऽ, बाईला पडसं झालंयऽऽ!" पुढच्या आठवड्यात मी बाजाराला खाली उतरले, तर ओळख ना पाळख अशा माणसांनी वाटेत अडवून विचारलं, "पडसं कसं हाय आता?" पुढं पुढं मी मुद्दामच काही ना काही करून ठेवू लागले. शाळेच्या भिंतीला पांढरी माती लाव, आंब्याची कोय पेर, केसांना मेंदी लाव. शाळा सुटून घरी आले की ती दारातच विचारी, "आज काय?" माझ्या आयुष्यात माझ्या दिवसाची एवढी चौकशी कुणी केली नव्हती, आईनंसुद्धा नाही. घरात आम्ही सातजणं होतो, आईला वेळ कुठला?

वाईट मात्र ती कधी सांगत नसे. एका साली पावसानं दगा दिला, ज्वारी वितीएवढी असतानाच करपली, आणि आम्ही अंबाडीच्या भाजीवर दिवस काढत होतो. त्या दिवसांत एका संध्याकाळी ती शिळेवर गेली आणि हाळी दिली, "चांदेऽऽ, आभाळ भरलंयऽऽ!" मी वर बघितलं. आभाळ पुसलेल्या पाटीसारखं कोरडं ठणठणीत.

"अक्का, कशाला खोटं सांगता?"

"खोटं कसलं? आभाळ तिला बी दिसतंय की. त्येच आभाळ हाय." मग म्हणाली, "बोलणं हाय ते, बाई. खबर न्हाय."

तिसऱ्या वर्षीच्या आषाढात तिचा घसा धरला. वारा असा सुटला होता की बोललेलं तोंडात परत येई. ज्येष्ठमध झालं, लवंग झाली, हळदीचं दूध झालं. मी म्हटलं, दोन दिवस राहू द्या. ती म्हणाली, दोन दिवस राहिली तर शेवंता जिवाला घोर लावून घेईल. त्या दिवशी सबब चांगली होती. मी तुळजापूरची, घडीच्या पोळ्या करणारी. तीन वर्षं भाकरी थापत होते आणि तीन वर्षं माझी भाकरी नकाशासारखी होत होती. त्या दिवशी ती गोल झाली. नीट गोल, टम्म फुगलेली. अक्कानं ती हातात घेऊन फिरवून बघितली, हसली आणि पदर खोचून निघाली. मीही मागोमाग गेले. आपली कीर्ती मुलखात जाताना ऐकावी म्हणून.

ती शिळेवर चढली. हात कानामागं धरला. "चांदेऽऽ!" आवाज गेला, पुरता दरीपार गेला. आणि पुढच्या शब्दाला तिचं तोंड उघडलं ते नुसतंच उघडलं. तिनं खाकरून पुन्हा छाती भरली. वाराच बाहेर आला. ती माझ्याकडं वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत जी भीती होती तशी मी तिच्या डोळ्यांत कधी बघितली नव्हती.

नाव गेलं होतं. सबब गेली नव्हती.

"मी सांगते!" मी म्हणाले, आणि शिळेवर चढून जिवाच्या आकांतानं ओरडले. पोरांच्या चार ओळींवर चालणारा माझा आवाज समोरच्या तरवडापलीकडं गेला नाही. खाली परात वाजली नाही. आम्ही दोघी बघत उभ्या होतो. थोड्या वेळानं खालच्या गावातून ठिपके निघाले आणि घाटाच्या वाटेला लागले. त्यांत एक तांबडा होता. या वेळी मला अगदी स्वच्छ दिसला.

मी वाटेनं खाली धावत सुटले. अर्ध्या घाटात व्याही भेटले, डोक्याला पागोटं, खांद्यावर कोरं पांढरं कापड. मागं चारदोन माणसं आणि त्यांच्यात शेवंता, पदर तोंडात कोंबलेला. मी तिला पहिल्यांदा जवळून बघत होते. "अक्का बऱ्या आहेत," मी धापा टाकत म्हटलं. "नुसता घसा बसलाय." शेवंतानं हंबरडा फोडला. व्याह्यांनी मान हलवली आणि मला हातानं बाजूला सारलं. वाटेत भेटलेल्यानं खरं सांगायचं नसतं, आणि मी जे खरं सांगत होते ते नेमकं तसल्याच वेळी सांगायच्या बोलण्यासारखं होतं. मी शपथा घेतल्या. जितक्या शपथा घेतल्या तितका शेवंताचा आक्रोश वाढला. शेवटी मी त्यांच्या मागं चालू लागले, म्हणजे मीही त्या मयताच्या माणसांतच जमा झाले.

अक्का दारात उभी होती.

शेवंता तिथंच खाली बसली. अक्का पुढं गेली, तिच्याजवळ मातीत बसली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवू लागली, कपाळ, गाल, हनुवटी, जणू कोणती लेक आहे ते हातानंच ओळखायचं होतं. व्याही कापड सावरत उभे. मग त्यांना राग आला. "ह्यो काय ख्येळ मांडलाय? जित्या माणसाचं मरण वरडायचं?"

अक्कानं गळ्याला हात लावला. "सबबच फुटंना, इवाई," ती कशीबशी फुसफुसली. "बाईची भाकरी गोल झाली, येवढंच सांगायचं हुतं."

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. मला काय करावं कळेना, म्हणून मी आत जाऊन ती भाकरीच घेऊन आले आणि त्यांच्यापुढं धरली. ते जोत्यावर टेकले. त्या घरी पाणीही प्यायचं नाही असं ठरवलेला तो माणूस घाट चढून भुकेजला होता. त्यांनी भाकरी उलटसुलट करून बघितली, एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले.

"गोल हाय," ते म्हणाले.

अक्कानं त्यांच्या खांद्यावरच्या कापडाकडं बोट केलं. "माज्यासाठीच आणलंय न्हवं ते? ठिवून जावा. माघारी कशापायी न्यायचं?" सगळे हसले, आणि हसता हसता शेवंता पुन्हा रडायला लागली. निघताना व्याही शेवंताकडं न बघता म्हणाले, "आलीच हाय तर ऱ्हाऊ द्या पंचमीपत्तूर." त्या पंचमीला अक्काच्या दारातल्या निंबाला झोका लागला.

आवाज परत आला नाही. भूमच्या डॉक्टरांनी गळ्याला विश्रांती द्यायला सांगितलं. दिली. तरी फुसफुसण्यापलीकडं काही उरलं नाही. हाळी बंद झाली, म्हणजे व्याह्यांची अट आपसूक पुरी झाली, आणि शेवंताची पंचमीची वाट मोकळी झाली. वाडीतले लोक म्हणत, चला, अक्काचं गोड झालं. मला ते ऐकवत नसे. अक्का एवढंच म्हणाली, "देवानं वर्साचं दिलं आन रोजचं नेलं."

संध्याकाळी मात्र ती शिळेवर जायची थांबली नाही. आता अक्काच परात घेऊन जाई. उलथन्यानं दोनदा वाजवी, खालून दोनदा वाजे. जीव जाग्यावर आहेत एवढं दोन्हीकडं कळे. परत येऊन ती परात भिंतीला टेकवून ठेवी आणि तशीच बसून राही; चूल लगेच पेटवीत नसे. "परातीला सबब सांगता येत न्हाय, बाई," ती एकदा म्हणाली. मी शाळेतून आल्यावर "आज काय?" असं विचारायचंही तिनं सोडून दिलं होतं. ते मला फार लागलं. आंब्याची कोय उगवून आली होती आणि ते कुणाला सांगायचं हे मला कळत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली. ऊसतोडीची माणसं उतरून गेली होती, वाडी रिकामी. एका संध्याकाळी अक्कानं परात वाजवली. खालून उत्तर आलं. ती वळणार, तोच खालून आवाज उठला: "आयेऽऽ, आज गवार तोडलीऽऽ!"

तो अक्काचा आवाज होता. तसाच भरलेला, शेवटी तसाच ओढलेला. क्षणभर वाटलं, आषाढात दरीत पडलेला तिचा गळा कुणी उचलून परत फेकला. शेवंताला हा गळा आहे हे कुणाला माहीतच नव्हतं, तिला स्वतःलाही नसावं. लग्न झाल्यापासून तिनं तो वापरलाच नव्हता. अक्का शिळेवर खिळून उभी होती. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग परात अशी बडवली, अशी बडवली की उलथन्याची मूठ निखळली.

पुढं बाजारात व्याही भेटले. मी भीतभीतच विषय काढला. "काय करणार?" ते म्हणाले. "सून आणली, तिच्यासंगट मायचा गळा बी आला. आमी काय त्यो येगळा काढून ठिवावा?" आणि मला वाटलं, ते थोडे फुशारकीनंच सांगत आहेत.

मग रोज खालून सबब येऊ लागली. अक्का ती ऐके, घरी येऊन मला सांगे, जणू मी शेजारी उभी नव्हतेच. "शेवंताकडं आज आंबील हाय." आणि चूल पेटवी.

चौथ्या वर्षाच्या शेवटी माझी लोहाऱ्याकडं बदली झाली. निघताना अक्कानं मला हुलग्याचं पुडकं दिलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "खाली पोचलात की शेवंताला भेटा. ती मला सांगंल." मी वहाणा हातात घेऊन उतरले. गाडी लागली होती. शेवंता वाटेपर्यंत आली, सासऱ्यांच्या देखत पदर खोचून वर तोंड केलं आणि ओरडली, "आयेऽऽ, बाई गाडीत बसल्याऽऽ!" एस.टी.तली माणसं दचकून बघू लागली. वर, आभाळाला लागून, परात वाजली. गाडी सुरू होईपर्यंत वाजतच होती. मी खिडकीला तोंड लावून लहान पोरीसारखी रडले, आणि रडायचं कारण कंडक्टरला सांगता आलं नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी भूमला गेले होते, तेव्हा माथेवाडीचा एक गडी भेटला. अक्का गेली, त्यानं सांगितलं. नेहमीसारखी एक संध्याकाळ. शेवंतानं खालून हाळी दिली, भोपळ्याला फूल आल्याचं काहीतरी सांगितलं. वरून परात वाजली नाही. तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा सांगितलं. मग कुणाला न विचारता हातातलं काम तसंच टाकून ती घाटाला लागली. "तिला कुणी हाळी दिली न्हाय, बाई," तो म्हणाला. "द्यायला हुतंच कोण?" वर पोचली तेव्हा अक्का शिळेला टेकून बसली होती, परात मांडीवर. कापड आणायला कुणाला उतरावं लागलं नाही. ते पेटीतच होतं.

आता मी धाराशिवला एकटी राहते. मुलगा परदेशी आहे. तो अधूनमधून फोन करतो आणि म्हणतो, "काही नाही गं आई, सहजच केला." तो किती प्रेमानं म्हणतो ते मला कळतं. तरी दर वेळी माझे हातपाय गार पडतात. "सहज नको रे," मी म्हणते. "आधी काहीतरी सांग." तो हसतो आणि सांगतो, गाडी धुतली, भात करपला. माझा जीव जाग्यावर येतो.

मग तो विचारतो, "तुझं काय आज?" त्याचा फोन यायची वेळ झाली की मी दुपारपासूनच दिवस चाळत बसलेली असते. बहुतेकदा काहीच झालेलं नसतं. दूधवाला येऊन गेला, तो रोजच येतो. मग मी खिडकीतून बाहेर बघत म्हणते, "आभाळ भरलंय बघ." तो म्हणतो, "हो का? पाऊस येईल मग." येत नाही. आभाळ कोरडंच असतं. अक्काच्या लेकीला खालून तेच आभाळ दिसत होतं. माझ्या मुलाला हे दिसत नाही.